दातांचा विमा घ्यावा का? (आणि घेतला तरी आमचे हे खुर्चीत बसतील का?)

गवती चहा | मंगळवार, रात्री 11:10

मंडळी, जरा हिशेबात आणि जरा संसारात मदत हवी आहे.

आमच्या ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेमला यंदा एक ऐच्छिक शेपूट जोडलंय, ओपीडी (म्हणजे दाखल न होता होणारे डॉक्टर, तपासण्या) आणि दातांच्या खर्चाचं. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई अशा चौघांचे मिळून वर्षाला 7,200 रुपये पगारातून कापणार. त्यात वर्षभरात एकूण 15,000 पर्यंतचा खर्च मिळणार, पैकी दातांवर जास्तीत जास्त 7,500. प्रत्येक बिलातले 20 टक्के आपले आपण भरायचे. दातांसाठी पहिले 90 दिवस काही नाही. कॅप, कवळी, इम्प्लांट, तारा यातलं काहीही बसत नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवायचंय.

आता संसार. नवऱ्याची खालची डावीकडची दाढ दिवाळीपासून कुरकुरतेय. आधी गार लागलं की कळ यायची आणि लगेच जायची. गेल्या पंधरवड्यात प्रकार उलटा झालाय. गरम वरण, चहा तोंडात घेतला की ठणका सुरू, आणि गार पाणी धरलं की बरं वाटतं. परवा रात्री अडीचला मला जाग आली, शेजारी कोणी नाही. जाऊन बघते तर हे अंधारात ओट्याला टेकून उभे. फ्रिजमधली बाटली हातात, तोंडात पाणी, डावा गाल फुगलेला. काय झालं विचारलं तर बोलता येईना, हातानेच "तू झोप" अशी खूण. तोंडातलं पाणी कोमट झालं की सिंकमध्ये टाकायचं, पुन्हा गार घोट घ्यायचा. साडेतीनपर्यंत हे चाललं होतं.

डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं. "आधी विम्याचं काय ते ठरू दे, उगाच पंधरा हजार घालवण्यात काय अर्थ आहे?"

खरं कारण मला माहीत आहे. चौथीत असताना यांची दाढ काढली होती. एकाने पाय धरले, एकाने डोकं, आणि सुन्न होण्याआधीच चिमटा घातला. हा माणूस आज सेहेचाळीस वर्षांचा आहे, रक्तदान करतो, पायाला टाके पडताना डॉक्टरांशी गप्पा मारतो. पण दातांच्या दवाखान्याचा तो लवंगेसारखा वास जिन्यात आला की तिथूनच परत फिरतो.

तर, विमा घ्यावा का?

रंकाळा | मंगळवार, रात्री 11:32

ताई, 7,200 भरायचे आणि दातावर 7,500 मिळणार, त्यातबी बिलाचे 20 टक्के आपलेच. ह्याला विमा म्हणत न्हाईत, भिशी म्हणत्यात. भिशीत निदान चहा-पोहे तरी असत्यात.

कलमबहाद्दर | बुधवार, सकाळी 8:05

मी अकरा वर्षं क्लेम तपासणाऱ्यांच्या बाजूला बसलोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

विमा कशाचा काढायचा? जे क्वचित घडतं आणि घडलं तर कंबरडं मोडतं त्याचा. बायपास, अपघात, कर्करोग. दात याच्या बरोबर उलटे. ते सगळ्यांचेच कधी ना कधी किडतात, खर्च मध्यम असतो, आणि मुख्य म्हणजे तारीख आपल्या हातात असते. हार्ट अटॅक पुढल्या तिमाहीत ढकलता येत नाही, रूट कॅनल ढकलता येतं. (येतं म्हणजे लोक ढकलतात.) त्यामुळे ज्याची दाढ आधीच पोखरलेली आहे नेमका तोच पॉलिसी घेतो, काम उरकून घेतो आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करत नाही. हे कंपनीला ठाऊक असतं. ते 90 दिवस, ती 7,500 ची वेस आणि कॅपला नकार ही कुंपणं त्यासाठीच घातलेली आहेत. कंपनी दुष्ट आहे म्हणून नव्हे. तिच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही घातली असती.

तुमच्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दात साधारणपणे वगळलेलेच असतात. अपवाद अपघाताचा. गाडीवरून पडून जबडा किंवा दात मोडले आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर बहुतेक पॉलिसी पैसे देतात. एक्स-रे आणि पोलिसांची नोंद असेल तर ती जपून ठेवा, एवढंच.

आता तुमचा हिशेब. रूट कॅनल समजा 6,000 चं. तुम्हाला हाती येणार 4,800. कॅपचे शून्य. म्हणजे नुसत्या दातांसाठी हा सौदा आतबट्ट्याचा. पण हे ओपीडीचंही आहे ना? सासूबाईंच्या रक्ततपासण्या, मुलीचा तापाचा डॉक्टर, चष्म्याची तपासणी असं वर्षाला 8,000 जात असेल तर त्यातले 6,400 येतील. मग मिळून 11,200 होतात आणि 7,200 वजा जाता 4,000 तुमच्या पदरात. तेव्हा "दातांचा विमा घ्यावा का" हा प्रश्नच बाजूला ठेवा. गेल्या वर्षीची बिलं काढा, बेरीज करा. आणि त्यातली किती बिलं त्यांच्या यादीतल्या दवाखान्यांची होती तेही बघा. यादीबाहेरचं चालत नसेल तर उत्तर बदलेल.

दोन बारीक गोष्टी. एक, ते 7,200 करासकट आहेत का? 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, पण ग्रुपच्या पॉलिसीला ती सूट नाही. दोन, आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची आयकरातली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. तुम्ही नवीन प्रणालीत असाल तर तो मोह सोडा.

पार्सिपनीकर | बुधवार, सकाळी 8:40 (इकडे मंगळवारची रात्र)

न्यू जर्सीतून. इथे "डेंटल" म्हणजे वेगळाच प्राणी आहे. मेडिकलचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही, जणू दात डोक्याबाहेर असतात. माझ्या नोकरीतली पॉलिसी नेहमीच्या साच्यातली आहे. तपासणी आणि सफाई 100 टक्के, फिलिंगसारखी कामं 80, कॅप-ब्रिजसारखी मोठी 50. आणि या सगळ्याला वर्षाची कमाल मर्यादा 1,500 डॉलर. गंमत अशी की सत्तरच्या दशकातही ही मर्यादा हजार डॉलरच्या आसपास असायची. बाकी सगळं किती पटींनी वाढलं, ही मात्र तिथेच घुटमळतेय. एक रूट कॅनल आणि एक कॅप झाली की वर्ष संपलं, मग मार्च असो की मे. शिवाय विमा घेण्याआधीच पडलेल्या दाताच्या जागी काही बसवायचं तर कित्येक पॉलिसी हात वर करतात.

तरीही मी ती सोडत नाही, कारण वर्षातून दोन सफाया फुकट. फुकट आहे म्हणून का होईना, आमचं अख्खं घर सहा महिन्यांनी खुर्चीत बसतं. हा विम्याचा उद्देश नसेल, पण माझ्यापुरता तेवढाच उपयोग आहे.

आई-बाबा आले की काढतो त्या प्रवासी विम्यात दातांचं जवळजवळ काहीच नसतं, अचानक दुखलं तर थोडी रक्कम देतात. त्यामुळे शिकायला येणारी पोरं असोत की आजी-आजोबा, मी सगळ्यांना एकच सांगते: लोणच्याची बरणी विसरलात तरी चालेल, दात करून मग विमानात बसा.

दाढवाला | बुधवार, दुपारी 1:50

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी दंतवैद्य आहे, सतराएक वर्षं. न बघता निदान करणार नाही, पण गरमाने ठणका आणि गार पाण्याने आराम हे ऐकून माझ्या तोंडातला घास थांबला.

गार लागलं की कळ येते आणि लगेच जाते, तोवर दाताची नस चिडलेली असते, सावरण्याची शक्यता असते. गरमाने ठणकायला लागतं, ठणका टिकतो, रात्री झोपेतून उठवतो आणि गार पाण्यानेच थांबतो, तेव्हा ती नस बहुधा सावरण्यापलीकडे गेलेली असते. तुमच्या यजमानांची ती बाटली म्हणजे लक्षण आहे, उपाय नव्हे. असे रुग्ण आमच्याकडे खरोखर पाण्याची बाटली हातात घेऊनच येतात.

आता नीट वाचा. काही दिवसांनी हे दुखणं आपोआप थांबू शकतं. घरात सगळे म्हणतील, बघा, बसलं की नाही! ते बसलेलं नसतं, आतली नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही. पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात आणि मग एक दिवस गाल सुजतो. त्यामुळे 90 दिवस थांबून विम्यात बसवू, हा विचार डोक्यातून काढा. तोवर ज्या कामाला आज रूट कॅनल पुरेल त्याला कदाचित दाढ काढावी लागेल, आणि काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट म्हणजे खर्च कुठल्या कुठे.

अजून एक. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या शोधून देऊ नका. नसेच्या या ठणक्यावर त्या काम करत नाहीत. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याचा घरगुती प्रकारही नको, हिरडी भाजते. लवंगेचं तेल कापसावर थेंबभर, दाढेच्या खड्ड्यात, तात्पुरतं, ठीक आहे. यजमान ज्या वासाला घाबरतात तो त्याच लवंगेतल्या युजेनॉलचा, ही आमच्या धंद्यातली विनोदी बाब.

इडलिंबू | बुधवार, दुपारी 2:15

सेहेचाळीस वर्षांचा बाप्या दाताच्या डॉक्टरला घाबरतो? बायका दोन-दोन बाळंतपणं काढतात हो. जरा खडसावून न्या.

उंबरठा | बुधवार, दुपारी 3:30

इडलिंबू, खडसावून नेलेले लोक परत कधीच जात नाहीत. त्यांना चौथीतही खडसावूनच नेलं असणार.

मी बावन्न वर्षांचा आहे आणि बारा वर्षं दंतवैद्याकडे गेलो नव्हतो. दवाखान्यासमोर गाडी स्टँडला लावून पाऊण तास बसलोय, वर जाऊन "आज डॉक्टर आहेत का?" विचारलंय, "आहेत" म्हटल्यावर "बरं, उद्या येतो" म्हणून उतरलोय. रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडे कशी बघत होती ते अजून आठवतं.

दुखण्याची भीती होती असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण दुसरंच होतं. आडवं झोपलेलं असायचं, तोंडात चार हात, दिवा डोळ्यात, आणि "थांबा" म्हणायला जीभ मोकळी नाही. हे मला कळलं तेव्हा चाळिशी उलटून गेली होती.

माझी गाडी रुळावर आली ती एका डॉक्टरीणबाईंमुळे. फोनवर मी म्हटलं, "मला काही करून घ्यायचं नाहीये, नुसतं बोलायचंय." त्या म्हणाल्या, "मग मंगळवारी सकाळी या, पहिला नंबर. खुर्चीत बसायचं नाही, माझ्या टेबलासमोर बसा." पहिल्या भेटीत तोंड उघडलंच नाही. दुसऱ्या भेटीत खुर्चीत बसलो, सरळ, पाठ न टेकता. त्यांनी आरसा दाखवला, माझ्या हातात दिला. तिसऱ्या भेटीत एक्स-रे. डावा हात वर केला की त्या जे काही करत असतील ते थांबवणार, असा करार. पहिल्या दहा मिनिटांत मी पाच वेळा हात वर केला. दोनदा तर नुसतं खरंच थांबतात का ते बघायला. थांबल्या. त्यानंतर अर्धा तास हात वर केला नाही.

कानात जुन्या कसोटी सामन्याची कॉमेंट्री लावायचो. गाणं लावू नका, ड्रिलचा आवाज गाण्यात घुसतो आणि ते गाणं कायमचं वाया जातं.

आणि वहिनी, राग मानू नका, पण ते 7,200 तुमच्या यजमानांच्या फार सोयीचे आहेत. मीही बारा वर्षं काहीतरी शोधतच होतो. आधी बोनस येऊ दे, मग मुलीची दहावी, मग कोविड. विमा त्या रांगेत छान बसतो.

दाढवाला | बुधवार, रात्री 9:40

उंबरठा यांना दंडवत. हात वर करण्याचा करार आम्ही शिकताना शिकतो आणि धंद्याच्या धबडग्यात विसरतो.

भीतीबद्दल थोडं. ती मोजायची पद्धत आहे. पाच साधे प्रश्न असतात: उद्या अपॉइंटमेंट असेल तर कसं वाटेल, बाहेर बाकावर बसल्यावर, ड्रिल करणार असतील तर, सफाई करणार असतील तर, हिरडीत इंजेक्शन देणार असतील तर. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, बेरीज 5 ते 25. 19 किंवा त्याहून जास्त आली तर आम्ही ती नुसती धाकधूक मानत नाही, तीव्र भीती मानतो आणि उपचार त्या बेताने आखतो. यजमानांचा आकडा डॉक्टरांना आधीच सांगा. भित्रा रुग्ण आला म्हणून कोणी हसत नाही. आधी न सांगता खुर्चीत एकदम डोकं हलवणारा रुग्ण मात्र आम्हाला घाम फोडतो.

सुन्न न होण्याबद्दल. खालच्या दाढांना नुसतं दाढेजवळ इंजेक्शन देऊन भागत नाही, जबड्याच्या मागच्या बाजूला नसेच्या वाटेवर द्यावं लागतं. मग अर्धा ओठ आणि अर्धी जीभ बधिर होते. ओठ बधिर झाला तरी फार चिडलेली दाढ कधी कधी बधिर होत नाही, कारण सुजलेल्या भागात औषधाचा जोर कमी पडतो. अशा वेळी आणखी जागी थोडं औषध द्यावं लागतं. चौथीतल्या त्या पोराला कोणी थांबून विचारलंच नाही, "सुन्न झालं का?" म्हणून. आज तुम्ही म्हणू शकता: "आधी टोचून बघा, मी हो म्हटलं तरच पुढे." आणि ठणका नवा असतानाच गेलात तर सुन्न करणंही सोपं जातं. घाबरणाऱ्या माणसाने लवकर जाण्यात खरा फायदा हा आहे, पण ते त्याला कोणी सांगत नाही.

इंजेक्शननंतर दोन-तीन मिनिटं छाती धडधडली तर घाबरू नका. औषधात थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, ते त्याचं काम. "मला इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे" असं आयुष्यभर सांगणाऱ्या कित्येकांची अ‍ॅलर्जी म्हणजे हीच धडधड असते. रक्तदाब, हृदयाचा त्रास, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा. ती गोळी आपल्या मनाने बंद करून मात्र येऊ नका.

जेवून या. उपाशीपोटी येऊन खुर्चीत भोवळ आलेले पैलवान मी पाहिलेत. सकाळची वेळ घ्या, म्हणजे दिवसभर धास्ती उकळत राहत नाही. धीर यावा म्हणून घोटभर घेऊन येऊ नका (हसू नका, येतात). काही ठिकाणी नाकावर छोटा मास्क लावून नायट्रस ऑक्साइड देतात. शुद्ध राहते, फक्त काळजी सैल पडते, आणि बंद केल्यावर काही मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो. फार तीव्र भीती असेल तर आधी घ्यायची गोळीही असते, पण ती डॉक्टरांनी लिहून दिलेली, आणि सोबत कोणीतरी हवं.

संत्राबर्फी | बुधवार, रात्री 10:20

खर्चाचंच टेन्शन असेल तर सरकारी दंत महाविद्यालय काहून विसरता बाप्पा? आमच्या नागपुरात मेडिकलच्या आवारात आहे. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात आहे, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला, संभाजीनगरला घाटीपाशी. गोव्यातल्या लोकांना बांबोळी. माझ्या बाबांची कवळी अन् माझी दोन रूट कॅनल तिथंच झाली, खाजगीच्या मानानं खर्च काहीच नाही.

पैसा वाचते, वेळ जाते. सकाळी केसपेपरची लाइन, मग एक्स-रेची लाइन, मग विद्यार्थी करते अन् दर टप्प्यावर सर येऊन पाहून जाते. एका दाढेला चार चकरा झाल्या. पण घाबरणाऱ्यासाठी एक गोष्ट चांगली: विद्यार्थी सावकाश करते, सगळं सांगत करते, अन् त्याला तुमच्याहून जास्त भीती वाटून राहिली असते.

गवती चहा | गुरुवार, सकाळी 7:15

सगळ्यांचे आभार. काल रात्री मी दाढवाला यांचा प्रतिसाद वाचत होते तेव्हा हे पाठीमागे उभे राहून वाचत होते, ते मला उशिरा कळलं. "मेलेली नस दुखत नाही" इथपर्यंत आले आणि म्हणाले, "काल रात्रीपासून दुखत नाहीये." मी मान वळवून बघितलं. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

कलमबहाद्दर, तुमचा संशय बरोबर. पत्रकात खाली बारीक अक्षरात "कर वेगळा". म्हणजे 7,200 चे 8,496. आणि मी काल बिलांची फाइल उपसली. गेल्या वर्षी आम्हा चौघांचं डॉक्टर, तपासण्या मिळून 5,340 झालंय. मला वाटत होतं बारा-पंधरा हजार तरी असेल. त्याचे 80 टक्के 4,272. त्यातही सासूबाईंचे डॉक्टर यादीत नाहीतच. ते सोसायटीच्या खालीच बसतात, कागदावर आकडा लिहून देतात, तीच पावती.

पाच प्रश्नांचे गुण यांनी स्वतः काढले. 22. उंबरठा यांचा प्रतिसाद तीनदा वाचला. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाच वेळा हात वर केला त्याने?"

सई स्टुटगार्टची | गुरुवार, दुपारी 12:30

जर्मनीतून छोटीशी भर. इथे सरकारी विम्यात एक छोटी वही मिळते, दरवर्षी दंतवैद्याची तपासणी झाली की त्यात शिक्का. कॅप-ब्रिजची वेळ आली की ठरलेल्या मूळ उपचाराच्या खर्चातला 60 टक्के वाटा विमा उचलतो. पण सलग पाच वर्षांचे शिक्के असतील तर 70, दहा वर्षांचे असतील तर 75. (आता वही डिजिटलही होते आहे, पण आमच्या घरमालकीणबाई अजून कागदाची, पासपोर्टशेजारी ठेवतात.) वरचा फरक भरायला लोक वेगळा खाजगी दंतविमा काढतात, आणि आधीच सुरू झालेलं काम तोही घेत नाही. कलमबहाद्दर म्हणतात ती कुंपणं सगळीकडे सारखीच.

कलमबहाद्दर | गुरुवार, दुपारी 1:05

5,340 वर 8,496 भरू नका. झालं. मी माझ्याच धंद्याच्या पोटावर पाय देतोय, पण दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.

त्यापेक्षा महिन्याला 700 ची आवर्ती ठेव काढा, नाव "दात". वर्षाला 8,400. क्लेम फॉर्म नाही, 90 दिवस नाहीत, कॅपलाही चालते, आणि नाही लागले तर पैसे आपलेच. ही युक्ती ज्यांचे दात धड आहेत त्यांच्यासाठी. ज्याच्या तोंडात आत्ताच चार कामं उभी आहेत त्याला ठेवही पुरणार नाही आणि विमाही.

इडलिंबू | गुरुवार, दुपारी 4:45

कालचे शब्द मागे घेते. घरी वाचून दाखवलं तर आमच्याकडच्या बाप्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. चौकशी केल्यावर कळलं, तो नऊ वर्षं गेलेला नाही.

गवती चहा | शनिवार, संध्याकाळी 6:20

विम्याला "नाही" कळवलं.

आज सकाळी साडेनऊची वेळ होती. मी फोनवरच सांगितलं होतं: चौथीतली गोष्ट, 22 गुण, डाव्या हाताचा करार. तिकडून डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मग पुढची अर्धा तासाची वेळ मी कोणाला देत नाही."

जिन्यात वास आला. हे दुसऱ्या पायरीवर थांबले. मी काही बोलले नाही. एक बाई वरून उतरत होत्या, गालावर रुमाल धरलेला, त्यांनी यांच्याकडे बघून मान हलवली. धीर दिला की सावध केलं देव जाणे. हे वर चढले.

पहिल्यांदा हात वर झाला तो गळ्यात तो निळा कागदी रुमाल अडकवला तेव्हा. डॉक्टरांनी दोन्ही हात मागे घेतले, अगदी पोलिसाने सांगितल्यासारखे, आणि थांबले. दुसऱ्यांदा हिरडीवर सुन्न करायची जेली लावताना. तिसऱ्यांदा इंजेक्शनआधी, तेव्हा मिनिटभर सगळे गप्प बसलो होतो, फक्त पंख्याचा आवाज. ओठ बधिर झाला तरी त्यांनी गार फवारा मारलेला कापूस आधी वरच्या चांगल्या दाढेला लावून दाखवला, मग खालच्या दुखऱ्या दाढेला, आणि विचारलं, "काही कळलं?" वरचा कळला, खालचा नाही. हे म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावला. नाही कळला. मग म्हणाले, "चला."

एक्स-रेत दिसलं की अजून हाडापर्यंत फार गेलेलं नाही. एक मूळ पूर्ण मेलेलं, एकात थोडा जीव होता. आज आतून साफ करून तात्पुरतं भरलंय, पुढच्या आठवड्यात दुसरी बैठक, मग कॅप. रूट कॅनल 5,500, कॅप 7,000. विमा आजपासून लागू असता आणि 90 दिवसांची अट नसती तरी हाती आले असते 4,400, भरले असते 8,496. हे मी परतताना रिक्षात बोलून दाखवलं. हे अर्ध्या ओठाने "भिशी" एवढंच म्हणाले.

दाढवाला | शनिवार, रात्री 8:10

उत्तम. सुन्नपणा जाईपर्यंत गरम काही नको आणि गाल चावू नका. त्या बाजूने कडक खाणं कॅप बसेपर्यंत बंद. तात्पुरतं भरलेलं पडलं तर लगेच फोन. आणि दुखणं थांबलं म्हणून दुसरी बैठक चुकवू नका. अर्धवट सोडलेली रूट कॅनल्स बहुतेक याच पायरीवर सुटतात, आणि मग आमच्याकडे येते ती चिरलेली दाढ.

रंकाळा | शनिवार, रात्री 8:22

दाजींना म्हणावं, गाल उतरला की या कोल्हापूरला. तांबडा गरम न्हाई देणार, कोमट करून देतो.

गवती चहा | बुधवार, रात्री 10:05

दुसरी बैठक झाली. हात एकदाच वर गेला, तोही शिंक येत होती म्हणून.

"दात" नावाची ठेव उघडली आहे. मुलीने ते पासबुक बघून विचारलं, हे काय लिहिलंय.

कॅपचं माप पुढच्या बुधवारी. ती वेळ यांनी स्वतः फोन करून घेतली. मी सोबत यायचंय, पण आत नाही. बाहेर बाकावर.